प्रत्यारोपणानंतर विषाणूमुळे मेंदूत लिम्फोमा होऊ शकतो का?

लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो होऊ शकतो, पण क्वचित. तुमच्या वडिलांना मूत्रपिंड बसवून 8 महिने झालेत, हात थरथरतो, हल्ली शब्द सापडत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण एवढ्यावरून थेट तिथपर्यंत पोहोचू नका. मी डॉक्टर नाही. माझ्या बायकोला तिच्या आईचं मूत्रपिंड मिळालं आणि चौथ्या वर्षी तिला मेंदूत लिम्फोमाच निघाला, म्हणून लिहितोय.

सुरुवात पुण्याच्या मंडईत झाली. भाजीवाल्याला 500ची नोट देऊन ती नुसती उभी राहिली; किती परत घ्यायचे तेच सुचेना. हिशोबाला पक्की बाई! मी म्हटलं, ऊन लागलं असेल. मग एकदा कुकरला ‘ते शिट्टीवालं’ म्हणाली. आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

तुम्ही विचारलेला विषाणू म्हणजे ईबीव्ही (एप्स्टाइन-बार व्हायरस). तो बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि बी-पेशींत, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत, निपचित पडून राहतो. 1964 साली एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांना तो सापडला तोही लिम्फोमाच्याच पेशींत. त्याच्यावर पहारा टी-पेशींचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. टॅक्रो (टॅक्रोलिमस) आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नेमकं त्यांनाच गप्प बसवतात, नाहीतर नवं मूत्रपिंड टिकत नाही. पहारा सैल पडला की या बी-पेशी मोकाट वाढू शकतात. ज्याच्या अंगात आधी ईबीव्ही नव्हता आणि दात्याकडून आला, त्याला धोका सगळ्यात जास्त, त्यातही पहिल्या वर्षी. फाइलमध्ये वडिलांची आणि दात्याची, दोघांचीही ईबीव्हीची तपासणी शोधा.

थरथर बऱ्याचदा टॅक्रोचीच असते. रक्तातली टॅक्रोची लेव्हल तपासून घ्या, रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं. (गणपतीच्या दिवसांत घरात पपनस येतं, ते त्यांना देऊ नका. लेव्हल चढते.) शब्द अडणं मात्र वेगळं. त्याला एमआरआय हवा, बहुधा पाठीतलं पाणीही काढतील. जेसी नावाच्या विषाणूमुळे होणारा मेंदूचा आजार पीएमएल, मेंदूचा टीबी, बुरशीचा मेंदूज्वर, हे सगळं सुरुवातीला सारखंच दिसू शकतं आणि उपचार मात्र पार वेगळे. जेसीवर तर खात्रीचं औषधच नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं एवढंच हातात.

आमच्याकडे बायोप्सी, म्हणजे मेंदूतल्या गाठीचा तुकडा काढून तपासणी, करावी लागली. त्याआधी स्टिरॉइडचा डोस वाढवायचं डॉक्टरांनी मुद्दाम टाळलं, कारण त्याने लिम्फोमाची गाठ आक्रसते आणि निदान हुकतं. मग मायकोफेनोलेट बंद, टॅक्रो कमी, आणि बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब सुरू. मेथोट्रेक्सेट या कर्करोगाच्या औषधावरून बरीच चर्चा झाली. ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतं ना. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) 1.3 वरून 2.1 वर गेलं, तिथेच थांबलं. शब्द हळूहळू परत आले, सगळे नाही.

हे वाचून घरच्या घरी एकही गोळी कमी करू नका, मूत्रपिंड जाईल. उद्या सकाळीच ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा आणि ‘विसरतात’ असं मोघम सांगू नका. कोणता शब्द, कधी अडला, ते तारखेनिशी सांगा. पुढच्या ओपीडीची वाट बघत आम्ही 3 आठवडे घालवले होते.