नवा स्विमिंग पूल, पहिले तीन दिवस आणि पंप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. कर्जतजवळ आमचं छोटं फार्महाउस आहे, तिथे ३० बाय १५ फुटांचा पूल नुकताच पूर्ण झाला. खोली साडेतीन ते पाच फूट, आतून काचेची मोझॅक टाइल. पाणी टँकरचं, थोडं आमच्या बोअरचं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो रोज संध्याकाळी चार तास पंप लावा आणि पहिल्याच दिवशी क्लोरीन टाकून मोकळे व्हा. शेजारच्या बंगलेवाल्यांचं म्हणणं, तीन दिवस पंप बंदच करायचा नाही आणि क्लोरीनला हात लावायचा नाही. लाइट बिलाचं टेन्शन आहे, आम्ही शनिवार-रविवारीच जातो, बाकी सगळं केअरटेकर दादांवर. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : पंपाच्या बाबतीत शेजाऱ्यांचं ऐका. क्लोरीनच्या बाबतीत दोघंही अर्धे बरोबर आहेत, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी चार तासांचा हिशोब बघू. तुमच्या पुलाची सरासरी खोली सव्वाचार फूट धरली तर पाणी होतं साधारण ५४ हजार लिटर. एक हॉर्सपॉवरचा पूल पंप वाळूच्या फिल्टरमधून तासाला दहा-अकरा हजार लिटर पाणी ढकलतो, म्हणजे सगळ्या पाण्याइतकं पाणी एकदा फिरायला पाच तास लागतात. पण फिल्टर झालेलं पाणी परत त्याच पुलात येऊन मळक्या पाण्यात मिसळतं आणि त्यातलंच काही पुन्हा फिल्टरला जातं, त्यामुळे पाच तास पंप चालला तरी जेमतेम ६३ टक्के पाणी खरोखर फिल्टरमधून गेलेलं असतं. तेवढाच वेळ अजून चालवलं की ८६, तिसऱ्या फेरीला ९५ आणि चौथ्या फेरीनंतर ९८ टक्के. तुमच्या चार तासांत निम्म्याहून थोडं जास्त पाणी साफ होणार आणि मग पुढचे वीस तास टँकरचा गाळ, ग्राउटची (टाइलमधल्या फटी भरायच्या मसाल्याची) पावडर, फिल्टरच्या वाळूतली धूळ हे सगळं तळाशी निवांत बसणार. जुन्या, बसलेल्या पुलाला रोजचे सहा-आठ तास पुरतात, नव्याला नाही पुरत.

बिलाचं म्हणाल तर एक एचपीची मोटर साधारण एक किलोवॉट घेते, म्हणजे तासाला एक युनिट. तीन दिवस सलग चालवली तर ७२ युनिट, तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा. टँकरला जे मोजले असतील त्यापुढे ही रक्कम काहीच नाही आणि पाणी बिघडून परत भरावं लागलं तर तेच पैसे दुसऱ्यांदा जातील. तुमच्याकडे लाइट मध्ये मध्ये जात असणार, तास-दोन तास गेली तर बिघडत नाही, तेवढे तास पुढे वाढवा. फक्त शेतावरच्या मोटरीला लावतात तसा ऑटो स्विच लावून निघून जाऊ नका. पंप पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेला असेल आणि लाइट नसताना पाइपमधलं पाणी उतरलं, तर लाइट आल्यावर पंप कोरडाच फिरतो आणि मेकॅनिकल सील (पंपातून पाणी गळू न देणारी शाफ्टवरची रिंग) थोड्याच वेळात जळतं. ऑटो हवंच असेल तर सोबत ड्राय रनचं प्रोटेक्शन (पाणी नसलं की पंप बंद करणारं) घाला.

आता क्लोरीन. तीन दिवस क्लोरीन नको हा नियम मुळात प्लास्टरच्या पुलांचा, अमेरिकेत तसे खूप असतात. तिथे आतला थर सिमेंटचा असतो, पाण्याखाली तो अजून पक्का होत असतो, त्यातून चुना सुटून पांढरी पावडर निघते, म्हणून दोन-तीन दिवस क्लोरीन टाळतात, रोज दोनदा ब्रश मारतात आणि पंप चोवीस तास चालू ठेवतात. तुमची काचेची टाइल आहे त्यामुळे क्लोरीनने तिचं काही वाकडं होत नाही, पण टाइलमागचं अॅडहेसिव्ह आणि मधलं ग्राउट सिमेंटचं असेल तर त्यातूनही चुना सुटतो आणि पाण्याचा पीएच (आम्लता-क्षारतेचा आकडा) चढत राहतो. इपॉक्सी ग्राउट असेल तर हा त्रास बराच कमी. आणि पीएच चढला की क्लोरीन नुसतं नावाला उरतं. साडेसातला त्यातलं निम्मं काम करतं, आठला पाव हिस्सा आणि साडेआठला तर दहा टक्केही नाही. म्हणून आधी पंपाने पाणी सगळीकडे सारखं करून घ्या, मग टेस्ट किटने पीएच बघा, तो ७.२ ते ७.६ च्या मध्ये आणा आणि मग क्लोरीन टाका, १ ते ३ पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) पुरे. हे सगळं पहिल्या दिवसातही जमतं, फक्त क्रम उलटा करू नका. पीएच उतरवायला अॅसिड टाकायचं झालं तर बादलीत आधी पाणी आणि त्यात अॅसिड, उलटं कधीच नाही. अॅसिडची बादली ब्लीचिंगला (क्लोरीनच्या पावडरला) अजिबात वापरायची नाही, दोन्ही एकत्र आले की विषारी गॅस होतो. केअरटेकर दादांना हे नुसतं सांगू नका, समोर उभं राहून एकदा करून दाखवा.

भरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. प्लास्टरचा पूल न थांबता एका दमात भरतात, नाहीतर मध्ये थांबलात तिथे रेघ उमटते. टाइलच्या पुलाचं उलटं, तो हळू भरायचा, दिवसाला पाऊण मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे अंदाजे अडीच फूट. टँकरवाल्यांना घाई असते, एका दुपारीच पाच गाड्या रिकाम्या करून जातील, त्यांना दोन दिवसांत विभागून बोलवा. ग्राउट भरून किती दिवस झाले तेही कॉन्ट्रॅक्टरला विचारा, साधारण दोन आठवडे तरी जाऊ द्यावेत, नक्की किती ते ग्राउटच्या पिशवीवर लिहिलेलं असतं.

पंप पहिल्यांदा चालू करताना स्वतः पंप रूममध्ये उभे राहा. बरेच ठिकाणी पंप रूम जमिनीखाली, पाण्याच्या पातळीच्या खाली असते, तिथे सक्शनचे (पुलातून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपचे) व्हॉल्व बंद न करता स्ट्रेनरचं (पंपापुढच्या, कचरा अडवणाऱ्या जाळीच्या भांड्याचं) झाकण उघडलं तर आख्खा पूल तुमच्या पंप रूममध्ये येईल. पंप वर असेल तर स्ट्रेनरच्या भांड्यात काठोकाठ पाणी ओतून झाकण घट्ट लावायचं आणि मग स्विच. थ्री फेज मोटर असेल तर फिरण्याची दिशा बघा, बॉडीवर बाण असतो. उलटी फिरली तरी आवाज येतो, पाणीही थोडंफार येतं, पण प्रेशर चढतच नाही आणि लोक फिल्टरला दोष देत बसतात. गावात लाइनचं काम होऊन फेज बदलले की हे हमखास होतं, वायरमनकडून दोन वायरी अदलाबदल करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

नवी वाळू असेल तर पाणी थेट फिल्टरवर घ्यायचं नाही, आधी बॅकवॉश, म्हणजे पाणी वाळूतून उलटं सोडून ती धुवायची. मल्टीपोर्टचा (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्वचा) दांडा फिरवताना दर वेळी पंप बंद म्हणजे बंद, चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं गॅस्केट गेलंच म्हणून समजा, आणि ते गेलं की फिल्टरवर चालू असतानाही वेस्टच्या (पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून पाणी हळूहळू जात राहतं, लक्षातही येत नाही, पूल रोज कमी का होतोय म्हणून तुम्ही टाइल तपासत बसता. काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं बॅकवॉश, मग अर्धा-एक मिनिट रिन्स (वाळूतून सरळ गेलेलं पाणी बाहेर सोडणं), मग फिल्टर. आता फिल्टरच्या प्रेशर गेजवर जो आकडा दिसतोय तो मार्कर पेनने टाकीवरच लिहून ठेवा, समजा १० पीएसआय. तो १८-२० झाला की पुन्हा बॅकवॉश. पहिल्या दिवसांत हे दिवसातून दोनदाही करावं लागेल, पुढे आठवड्यातून एकदा. पण आकडा चढलेला नसताना उगाच करू नका, थोडी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक कचरा चांगला धरते, शिवाय एका बॅकवॉशला पाचेकशे लिटर पाणी जातं, टँकरचं पाणी आहे ते.

अजून एक, हे तीन दिवस कोणी पाण्यात उतरायचं नाही. मुलं तर नाहीच. पंप ट्यून करताना माणसं कधीकधी स्किमरचा (पुलाच्या कडेच्या, वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाचा) व्हॉल्व बंद करून सगळी ओढ तळाच्या एका जाळीवर देतात आणि ती ओढ किती असते याची लोकांना कल्पना नसते. अमेरिकेत २००२ मध्ये ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या जाळीला ओढली गेली आणि बुडाली, तिच्या नावाने तिथे २००७ मध्ये कायदा झाला. तुमच्या पुलाला तळात एकच जाळी आहे की अंतर ठेवून दोन आहेत ते बघा, जाळ्या स्क्रूने घट्ट आहेत का तेही बघा, आणि एकच असेल तर कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी हा विषय काढा.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पुलाला नवीन टाइल बसवून परत पाणी भरलं. पंप चालू केला की आत येणाऱ्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात आणि स्ट्रेनरचं भांडं अर्धंच भरलेलं दिसतं. कमिटीत कोणी म्हणतं पंप बदला, कोणी म्हणतं मोठा घ्या.

उत्तर : पंप बदलू नका हो, हवा शिरतेय. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे का ते आधी बघा, नव्याने भरलेल्या पुलात बहुतेक वेळा चार बोटं पाणी कमी असतं आणि स्किमर पाण्याबरोबर हवाही ओढतो. ते ठीक असेल तर स्ट्रेनरच्या झाकणाची ओ-रिंग (रबरी गोल वायसर) काढून पुसा, टाइलच्या कामातला सिमेंटचा एक खडा त्या खाचेत बसला तरी एवढं होतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, घरातलं व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं. तरीही बुडबुडे येत असतील तर पंप चालू असताना सक्शनच्या बाजूच्या जॉइंटवर साबणाचा फेस लावत जा, जिथे फेस आत ओढला जाईल तिथे गळती. मोठा पंप घेतलात तर तीच हवा अजून जोरात ओढली जाईल.

प्रश्न : सिंधुदुर्गात होमस्टेसाठी पूल बांधला, विहिरीचं पाणी भरलं, अगदी काचेसारखं होतं. ब्लीचिंग टाकलं आणि तासाभरात सगळं पाणी चहाच्या रंगाचं. पाहुणे पुढच्या आठवड्यात येणार. सगळं पाणी सोडून द्यावं का?

उत्तर : सोडू नका. जांभ्याच्या जमिनीतल्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं, ते दिसत नाही, क्लोरीन लागलं की त्याचा गंज होऊन बाहेर पडतो. म्हणजे क्लोरीनने आपलं काम केलंय, आता तो गंज बाहेर काढायचाय. आणि पावसाळ्यात तर पूल रिकामा करूच नका, जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकाम्या पुलाला खालून दाब येतो, तळ उचलला जातो आणि तडे जातात.

नवीन पाणी घालताना पुढच्या वेळी आधी बादलीत चिमूटभर ब्लीचिंग टाकून काही तास ठेवा, तांबूस झालं तर लोह आहे. आत्ता मात्र पीएच साडेसातच्या आसपास आणा, तुरटी बादलीत विरघळवून पूलभर पसरा, मल्टीपोर्ट रीसर्क्युलेटवर (फिल्टर टाळून पाणी फिरवणाऱ्या खुणेवर) ठेवून तास-दोन तास पंप चालवा म्हणजे तुरटी सगळीकडे मिसळेल. आणि मग पंप बंद करा, रात्रभर. वर सलग पंप चालवा म्हणून एवढं लिहिलं ते इथे लागू नाही, पाणी स्थिर राहिलं तरच गाळ खाली बसतो, मध्येच कोणी केअरटेकरने सवयीने पंप लावला तर सगळं पुन्हा ढवळून निघेल, म्हणून मेन स्विचच काढून ठेवा. सकाळी दांडा वेस्टवर ठेवून व्हॅक्यूम अगदी सावकाश ओढत न्या, फिल्टरवर नको, नाहीतर हा चिकट गाळ वाळूत जाऊन बसेल. पाणी वीतभर कमी होईल, तेवढं परत भरा, पंप फिल्टरवर सलग चालू ठेवा आणि गेजवर लक्ष ठेवा. थोडी तांबूस झाक राहिली तर दोन दिवसांनी हेच पुन्हा एकदा करा.