चौथ्या महिन्यातला आरसा

“सिलिकॉन नाही, बाहेरचं काहीच नाही. पोटावरची, मांडीवरची आपलीच चरबी काढायची आणि छातीत भरायची. मग करून टाकू का, मॅडम?”

मी समुपदेशक आहे आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो आहे. विचारणाऱ्या बहुतेक जणी पंचविशी-तिशीतल्या असतात. काही जणी बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर छाती ओघळली म्हणून येतात, तर एखादी गाठ काढल्यानंतर दोन्ही बाजूंत फरक राहिला म्हणून. प्रश्न वैद्यकीय आहे आणि त्याचं वैद्यकीय उत्तर प्लास्टिक सर्जननीच द्यायचं असतं. तरी या मुली माझ्यापर्यंत येतात, कारण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: हे केल्यावर तरी मी मला आवडेन का? त्याचं उत्तर सर्जनकडे नसतं.

मृण्मयीबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींत झालेलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

वय २८, इंटिरियर डिझायनर, अंगानं सडपातळ, बोलण्यात नेमकी. ती सर्जनना भेटून आली होती. त्यांनीच “निर्णय घेण्याआधी एकदा समुपदेशकांशी बोला” असं सुचवलं होतं आणि तिला ते लागलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, “मला काही झालेलं नाहीये, मॅडम. मला फक्त छाती थोडी भरलेली हवी आहे. त्यात काय चुकलं?”

“काहीच नाही,” मी म्हणाले.

ती गप्प झाली. वाद घालायची पूर्ण तयारी करून आली होती आणि समोर वादच नव्हता. हे वाक्य मी प्रत्येकीला पहिल्याच भेटीत म्हणते आणि अगदी मनापासून म्हणते. “आहेस तशीच सुंदर आहेस” हे तिला आईनं सांगून झालेलं असतं, मैत्रिणींनीही सांगून झालेलं असतं. त्यानं बरं वाटायचं असतं तर ती माझ्याकडे आलीच नसती. शरीरात एखादा बदल हवासा वाटणं हा आजार नाही.

तिच्या हातात जाडजूड फाइल होती. मी म्हटलं, “हे नेमकं कसं करतात, ते तूच मला समजावून सांग.” तिनं सांगितलं, आणि उत्तम सांगितलं. लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं ओढून, चरबी काढायची, त्यातलं रक्त, पाणी, तेल वेगळं करायचं आणि उरलेली चरबी बारीक नळीनं थोडी थोडी, वेगवेगळ्या थरांत सोडायची. एकदम ढीग करून भरता येत नाही, कारण नव्या जागी रक्तवाहिन्या पोहोचल्या तरच त्या पेशी जगतात. रोपं दाटीनं लावली तर मधली मरतात, तसंच. म्हणून एका वेळेला साधारण ब्राच्या एका कपाएवढा फरक पडतो, फार तर. इम्प्लांटचा, म्हणजे छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशवीचा, आकार आधी ठरवता येतो, तसं इथे ठरवता येत नाही.

“आणि भरलेली सगळी टिकते?”

“नाही. निम्मी ते दोन तृतीयांश टिकते, साधारण. प्रत्येकीचं वेगळं. पहिले काही आठवडे सूज असते म्हणून मोठं दिसतं. मग उतरत जातं. तीन-चार महिन्यांनी काय राहिलं ते कळतं.”

“म्हणजे काही भाग जाणार, हे आधीच धरलेलं असतं?”

“हो.”

“कोणी धरलेलं असतं?”

“सर्जननी.”

“आणि तू?”

तिनं फाइल मिटली. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

तिच्या आईची भीती वेगळी होती: कॅन्सर. मृण्मयीनं त्याचाही अभ्यास केला होता. १८९५ मध्ये चेर्नी नावाच्या जर्मन सर्जननी एका बाईच्या स्तनातली साधी गाठ काढून झालेली पोकळी तिच्याच अंगावरच्या चरबीच्या गाठीनं भरली होती. म्हणजे कल्पना नवी नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनच्या संघटनेनं मात्र छातीत चरबी भरू नका असं सांगितलं. मेलेल्या चरबीभोवती कॅल्शियमचे कण जमतात आणि ते मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, कॅन्सरचा घोटाळा करतील, ही भीती त्यामागे होती. २००९ मध्ये त्याच संघटनेनं सावध शब्दांत ती मनाई सैल केली. आज रेडिऑलॉजिस्टना हे कण बहुतेक वेळा ओळखू येतात, पण कधीकधी खात्रीसाठी तुकडा काढून तपासावा लागतो. छातीत टणक गोळा लागतो, तेलाची गाठ होते, तेव्हा जीव टांगणीला लागतोच. मी तिला एवढंच म्हटलं, “हा घोर सोसायची तयारी आहे का, ते बघ. आणि पुढे आयुष्यात जिथे कुठे स्तनांची तपासणी करशील, तिथे हे झाल्याचं आधी सांग.”

खरं बोलणं पुढच्या भेटींत निघालं. मी विचारलं, दिवसात हा विचार किती वेळा येतो?

“मोजते तेव्हा तर येतोच.”

“मोजतेस?”

तिच्या पर्समध्ये कामाची टेप असायची. तीच टेप सकाळी अंघोळीनंतर आणि रात्री झोपण्याआधी ती छातीभोवती धरायची. पॅडेड ब्रा, त्यावर सैल कुर्ता, त्यावर ओढणी. पोहायला आवडायचं, ते कॉलेजात असतानाच सोडलं होतं. फोटोत कायम हातात काहीतरी धरून उभी. आणि एक मुलगा होता, तिला आवडणारा, तिच्यावर जीव असलेला. त्याला ती वर्षभर झुलवत होती. “ऑपरेशन झालं की सांगेन म्हटलं.”

कॉलेजमध्ये कोणीतरी एक शेरा मारला होता. तिला वाटत होतं की मी आता त्या प्रसंगात खोल शिरेन. मी शिरले नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे: घडलेल्या प्रसंगापेक्षा त्याबद्दल आपण आज स्वतःला काय सांगतो ते महत्त्वाचं, आणि इतक्या वर्षांच्या कामानं तो वाढतच गेला आहे. शेरा मारणारा एकदा बोलून निघून गेला. त्यानंतर ते वाक्य रोज सकाळ-संध्याकाळ ती स्वतःच स्वतःला ऐकवत होती, टेप हातात धरून. काम करायचं ते या आजच्या वाक्यावर.

मग एका भेटीत मी तिला डोळे मिटायला सांगितलं.

“ऑपरेशन झालंय. छान झालंय, काहीही बिघडलेलं नाही. पोटावरचे काळे-निळे डाग गेले, पट्टा सुटला. चौथा महिना लागलाय, सूज पूर्ण उतरली आहे. जेवढी चरबी टिकायची तेवढी टिकली आणि सर्जन खूश आहेत. आता घरी आरशापुढे उभी आहेस. काय करतेस?”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “टेप काढते.”

“किती भरतं?”

“आधीपेक्षा जास्त.” थोडं थांबून, “पण मला हवं होतं त्यापेक्षा कमी.”

“मग?”

“मग परत एकदा करून घेते.”

“घेतलंस. पुन्हा चौथा महिना.”

तिनं डोळे उघडले. तिला रडू येत होतं, पण चेहऱ्यावर दुःखापेक्षा आश्चर्य जास्त होतं. म्हणाली, “मॅडम, टेप तीच आहे.”

मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. अशा वेळी समुपदेशकानं समजावायला घेतलं तर समोरच्या माणसाला सापडलेलं त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. तीच पुढे बोलत राहिली. छाती वाढली तर आकडा बदलेल, पण आकडा पुरेसा आहे की नाही हे ठरवणारी ती आतली बाई बदलणार नाही. तिला कितीही दिलं तरी ती आणखी मागेल. हे सगळं तिचं तिनं मांडलं.

त्या तासानं मलाही एक गोष्ट लख्ख दाखवली. “मला थोडी भरलेली छाती आवडेल” ही इच्छा झाली. “ती भरल्याशिवाय मी पोहणार नाही, प्रेम स्वीकारणार नाही, स्वतःला बाई म्हणून मोजणार नाही” ही अट झाली. इच्छेला थोडं कमी मिळालं तरी चालतं. शंभरातले साठ मिळाले तरी ती सुखावते. अटीला नव्व्याण्णवसुद्धा कमी पडतात. आणि या शस्त्रक्रियेचा तर स्वभावच असा की जेवढं घालाल तेवढं ती परत देत नाही. थोडं विरतं, डाव्या-उजव्या बाजूंत थोडा फरक राहू शकतो, वजन उतरलं की छातीतलीही चरबी उतरते. म्हणून अट घेऊन गेलेली बाई उत्तम पार पडलेल्या शस्त्रक्रियेनंतरही हरल्यासारखी परत येते. या विषयावर आलेल्या प्रत्येकीला मी आता चौथ्या महिन्याच्या आरशापुढे उभं करते, आणि तिच्या पहिल्या उत्तरावरून पुढचं बरंच काही समजतं.

नंतरचं काम संथ होतं. इच्छा काढून टाकायची नव्हती, फक्त अट सोडवायची होती. टेप आधी रात्रीची बंद झाली, मग सकाळची, आणि शेवटी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहायला लागली. पोहायला ती आहे त्याच अंगानं गेली. पहिल्या दिवशी तिला वाटलं सगळे बघताहेत, तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की जो तो आपापल्या श्वासाच्या मागे आहे. त्या मुलाशी ती मोकळेपणानं बोलली. पुढे काय झालं ते त्या दोघांचं खासगी आहे.

आणि हो, काही महिन्यांनी तिनं शस्त्रक्रिया करून घेतली. हे वाचून काही जणांना नवल वाटेल. मला वाटलं नाही. सर्जननी मला नंतर सांगितलं की इतके नेमके प्रश्न फार कमी पेशंट विचारतात. त्यानंतर ते अशा काही जणींना आधी माझ्याकडे पाठवू लागले. मृण्मयीच्या उजव्या बाजूला चरबी डावीपेक्षा थोडी कमी टिकली. “दिसतो फरक,” ती म्हणाली. “दोन दिवस वाईट वाटलं. मग साइटवर काम होतं, विसरले.” माझ्या दृष्टीनं यश आहे ते या “विसरले”मध्ये.

तुम्ही याच विचारात असाल तर सर्जनकडे जाण्याआधी एक काम करा. “झालं की मग” असं म्हणत काय काय पुढे ढकललं आहे, ते लिहून काढा. त्यातली एखादी तरी गोष्ट आत्ता करून बघा. ती करता आली, तर इच्छा इच्छाच आहे, आणि तुम्ही शांतपणे सर्जनसमोर बसू शकता. मग विचारा: काढण्याइतकी चरबी माझ्या अंगावर आहे का? बारीक बायकांना पुष्कळदा नसते. मुद्दाम वजन वाढवून शस्त्रक्रिया करायची आणि मग ते उतरवायचं, यात मिळवलेलं बरंचसं हातचं जाईल. सिगारेट ओढत असाल तर ते आधी सांगा, धूम्रपानानं चरबी टिकण्याची शक्यता कमी होते. लवकरच मूल हवं असेल तर थांबणं बरं, कारण गरोदरपणात आणि दूध पाजताना छाती आपोआप बदलते. पहिली मॅमोग्राफी आधी करायची का, दुसऱ्यांदा करावं लागलं तर त्याचा खर्च आणि त्रास पेलवेल का, हेही विचारा. “स्वतःचीच चरबी” म्हणजे जोखीम नाही, असा अर्थ कुणी काढून देत असेल तर तिथून उठा. जंतुसंसर्ग, गाठी आणि जिथून चरबी काढली तिथले खड्डे, हे सगळं होऊ शकतं.

जोडीदार म्हणतो म्हणून करायचं असेल तर मी स्पष्टच सांगते: नको. त्याचा शेरा तुमच्या शरीरावर शस्त्रक्रियेनं सोडवायचा नसतो. त्याला घेऊन या, त्याच्याशीही बोलू.

काही जणींच्या बाबतीत मात्र गोष्ट इच्छा-अटीच्या पलीकडे गेलेली असते. आरशापुढे तासन्‌तास जातात, किंवा आरसे झाकलेले असतात. दुसऱ्यांना जेमतेम दिसणारी किंवा दिसतच नसलेली खोट त्यांना भेसूर दिसते. घराबाहेर पडणं, नोकरी सगळं थांबतं. एका ठिकाणची शस्त्रक्रिया झाली की नजर दुसऱ्या ठिकाणी जाते. इटलीतल्या एन्रिको मोर्सेली या डॉक्टरांनी १८९१ मध्येच हे वर्णन केलं होतं. आज याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. यात शस्त्रक्रियेनं सहसा आराम पडत नाही, उलट त्रास वाढू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांकडची औषधं आणि विचार-वर्तनावरचे उपचार यांनी मात्र पुष्कळ फरक पडतो. अशा मुलीला मी सर्जनसाठी होकाराची चिठ्ठी देत नाही. ती कितीही रागावली तरी देत नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या पहिल्या भेटीला हवं तर तिच्यासोबत जाते. मरण बरं असं तिच्या तोंडी येत असेल, तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

आणि आयांनो, बहिणींनो, तिनं हा विषय काढला तर हसू नका, “कसले हे चोचले” म्हणू नका, आणि घाईनं तिचं कौतुकही करू नका. “तुला हे कधीपासून वाटतंय?” एवढंच विचारा आणि ती बोलेल तितका वेळ तिच्याजवळ बसून ऐका.