वडिलांना कॅन्सर आहे हे त्यांना सांगावं का? सांगायचं तर कसं?

बाबांना 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय आणि पुढच्या आठवड्यात केमो सुरू होतेय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत: केमोआधीच सांगा. बऱ्याच औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देतात त्या वॉर्डात, शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट सहज विचारतो, "तुम्हाला कुठला?" तिथं कळण्यापेक्षा घरात, तुमच्या तोंडून कळू दे. आणि साधी गाठ समजणारा माणूस उलट्या सुरू झाल्या की म्हणतो, "एवढ्याशा गाठीला हे कशाला?" उपचार तिथंच सुटतात.

संमतीही त्यांचीच लागते. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात, पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईनं दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयानं ग्राह्य धरली नाही, कारण ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं.

आता कसं सांगायचं. सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर; रात्री नको, रात्र खायला उठते. टीव्ही बंद, फोन बाजूला, सोबत फार तर आई. काका-मामांची बैठक नको. आधी त्यांनाच विचारा, "बाबा, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?" पुष्कळदा त्यांना अंदाज असतो. मग, "सगळं सांगू, की मोजकंच?" "सांग" म्हणाले तर, "रिपोर्ट चांगला नाही आलाय" असं म्हणून क्षणभर थांबा आणि 'कॅन्सर' हा शब्द एकदा स्पष्ट उच्चारा.

त्यानंतर गप्प राहा. हेच सगळ्यात अवघड. समोर शांतता पडली की आपण घाबरून "काही होत नाही हो, आजकाल सगळं बरं होतं" सुरू करतो, आणि त्यांच्या मनातलं आतच राहतं. रडले तर रडू द्या, हात धरा. सगळं एका बैठकीत सांगू नका. डोकं सुन्न झालेलं असतं, पुढचं ऐकूच जात नाही.

"किती दिवस आहेत?" असं विचारलं तर आकडा देऊ नका. "तुमच्या मनात काय आहे?" असं विचारा, बहुतेकदा जमिनीची वाटणी किंवा कुणाचं लग्न निघतं. प्रश्न कागदावर लिहा आणि ओपीडीत त्यांनाच विचारू द्या.

"मला नको सांगू, तूच बघ" म्हणाले तर जबरदस्ती नको. निर्णय कुणी घ्यायचे ते मात्र त्यांच्याच तोंडून, डॉक्टरांसमोर घ्या, आणि दुसऱ्या डोसआधी एकदा पुन्हा विचारा.