डबा घेण्याआधी रक्त तपासून घे

बाय,

सिट्रुलिन या अमिनो आम्लाच्या पावडरचा डबा घेऊ का, असं तू विचारलंस. पोलीस भरतीचे 800 मीटर डोळ्यासमोर आहेत आणि जिममधला मुलगा सांगतो की त्याने दम टिकतो. तुझी घाई मला समजते.

तो मुलगा अगदीच खोटं बोलत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. त्याने वाहिनीचे स्नायू सैलावतात आणि रक्ताला वाट मोठी होते. हे उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आर्जिनिन तोंडाने घेतलं तर आतडी आणि यकृतच त्यातलं बरंचसं खर्चून टाकतात. सिट्रुलिन यकृताच्या तावडीतून सुटतं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथे त्याचं आर्जिनिन होतं. म्हणून जाणकार आर्जिनिनपेक्षा सिट्रुलिनला पसंती देतात. पण धावण्यात किती फरक पडतो? काही अभ्यासांत थोडा दिसला, काहींत मुळीच नाही.

मला काळजी वेगळीच आहे. दुसऱ्या फेरीत पाय एकदम जड होतात, जिना चढताना धाप लागते, असं तू लिहिलंस. रक्ताला वाट मिळाली, पण त्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर? पाट रुंद केला आणि विहिरीलाच पाणी नाही, तर पोफळी वाळायच्या त्या वाळणारच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय निघाला. पाळीत रक्त जातं, ताटात लोह कमी येतं आणि मुली समजतात की आपल्यातच जिद्द नाही. मला याचाच राग येतो.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घे. ते 12 च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखव. गोळ्या मनाने सुरू करू नकोस. जमलं तर फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणीही कर. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. तोवर ताट सुधार. तिसऱ्या (शिंपल्या) खा, त्यांत लोह भरपूर असतं आणि ते अंगी लागतंही. कुळथाची पिठी आणि पालेभाजी असेल तेव्हा वर लिंबू पिळ. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपल्याकडची सवय मात्र मोड, चहा लोह शोषू देत नाही.

सरावाचंही एक सांगते. भुसभुशीत वाळूत धावायला कडक जमिनीपेक्षा दीडपटीहून जास्त शक्ती लागते. तिथली वेळ घड्याळात बघून खचू नकोस. ओहोटीला ओल्या, घट्ट पुळणीवर धाव आणि वेळ मोजायची ती मैदानावरच.

कलिंगडात सिट्रुलिन असतं, हे तुझं वाचन बरोबर आहे. या पदार्थाला नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच मिळालं. पण किलोभर गरात ते साधारण 2 ग्रॅमच्या आसपास असतं आणि अभ्यासांत बहुधा 3 ते 6 ग्रॅम देतात. शर्यतीआधी तेवढं कलिंगड खाऊन कोण धावणार? उन्हाळ्यात हायवेवरून आणलंस तर पाण्यासाठी, चवीसाठी खा. पांढरा गरही टाकू नकोस, त्यातही सिट्रुलिन असतं आणि त्याचे घावन छान होतात.

एवढं करूनही पावडर घ्यावीशी वाटली, तर साधं सिट्रुलिन घे. ‘प्री-वर्कआउट’ नावाच्या मिश्रणांत बहुतेक वेळा कॅफीन असतं, आपल्या दमट हवेत छाती धडधडायला लागली तर धावशील कशी? पहिल्यांदा सरावाच्या दिवशी घेऊन बघ, भरतीच्या दिवशी नाही. तुझा रक्तदाब कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि घरात आजोबा सॉर्बिट्रेट, ती रक्तवाहिन्या सैलावणारी हृदयाची गोळी, घेतात ना? ‘रक्ताभिसरणाला चांगलं’ म्हणून त्यांना या पावडरचा चमचासुद्धा देऊ नकोस. दोन्हींनी मिळून रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आर्जिनिन देऊन पाहणारा अमेरिकेतला एक अभ्यास थांबवावा लागला होता, कारण ते घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले. तो 2006 साली प्रसिद्ध झाला.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. डब्याचं त्यानंतर बोलू.

तुझ्या मॅडम