ऑक्टोपॅडवाली ‘रोलँड’ नेमकी कुठली कंपनी?

रोलँड अमेरिकन की युरोपियन, आणि तिचा ऑक्टोपॅड आपल्याकडे इतका कसा रुळला, असं तुम्ही विचारलंय. इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणारी ही कंपनी जपानी आहे. १८ एप्रिल १९७२ला ओसाकात सुरू झाली. नाव परदेशी वाटतं ते मुद्दाम तसं ठेवलेलं, माल जगभर विकायचा होता म्हणून.

पण ही कंपनी समजून घ्यायची तर आधी तिचा संस्थापक बघावा लागतो. इकुतारो काकेहाशी, जन्म १९३०चा. आईवडील क्षयाने गेले तेव्हा पोरगा अगदी लहान होता, आजीआजोबांनी वाढवलं. महायुद्ध संपल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षी क्यूशू बेटावर त्याने घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, मग रेडिओही दुरुस्त करायला लागला. पुढे त्यालाही क्षय झाला आणि काही वर्षं इस्पितळात गेली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवीन होतं. ते ज्या रुग्णांवर वापरून पाहिलं त्यांत याची निवड झाली, म्हणून वाचला. संगीताचं शिक्षण शून्य. माझ्या मते रोलँडची सगळी गोम इथेच आहे. हा माणूस वादक नव्हता, दुरुस्तीवाला होता. वाद्य हातात आलं की किती खर्चात बनेल, कच्च्या हाताच्या माणसाला वाजवता येईल का, दुसऱ्या यंत्राला जोडता येईल का, हेच तो बघणार.

रोलँडच्या आधी १९६०मध्ये त्यांनी एस नावाची कंपनी काढली होती. ऑर्गनच्या साथीला ताल देणारी तिची पेटी अमेरिकेच्या हॅमंड कंपनीने आपल्या ऑर्गनसाठी घेतली. भागधारकांशी पटेना तेव्हा काकेहाशी बाहेर पडले आणि ३ कोटी ३० लाख येनच्या भांडवलावर रोलँड उभी केली. पहिला माल टीआर-७७, म्हणजे पुन्हा तालयंत्रच. १९७३मध्ये सिंथेसायझर आला. १९७४मध्ये आला स्पेस एको, आत फिरत्या टेपच्या पट्ट्यावर आवाज उमटवून तो पुन्हा पुन्हा वाजवणारा. स्टुडिओवाले आजही तो जपून ठेवतात. गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालवायचे बॉस पेडलही याच घरचे.

आता टीआर-८०८ हे तालयंत्र, १९८०चं. त्या काळी खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारं लिन कंपनीचं यंत्र जवळपास पाच हजार डॉलरला होतं, ८०८ साधारण बाराशेला. स्वस्त कारण यात नमुने नव्हतेच, सगळे आवाज सर्किटमधून काढलेले. ते ड्रमसारखे वाटत नाहीत अशी तक्रार होती, आणि खरं सांगायचं तर वाटत नाहीतच. गंमत अशी की काकेहाशींनी यासाठी सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर, म्हणजे सर्किटमधले सुटे भाग, मुद्दाम विकत घेतले होते. त्यांची खरखर त्यांना हवी होती. पुढे ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांचं काम सुधारलं, तसला खराब माल मिळेनासा झाला आणि १९८३मध्ये ८०८ बंद पडलं. तोवर सुमारे बारा हजार नग बनले होते. मग ही यंत्रं जुन्या बाजारात मातीमोल भावात आली आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशा हिप-हॉप आणि टेक्नोवाल्या पोरांनी उचलली. तीच गत टीबी-३०३ची. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून केलेली ही पेटी गिटारवाल्यांना अजिबात आवडली नाही. १९८७मध्ये शिकागोच्या पोरांनी तिची बटणं वेडीवाकडी पिळली आणि त्यातून ॲसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार निघाला.

त्याच्या पाच वर्षं आधी आपल्या मुंबईत चरणजित सिंग या फिल्मी वादकाने ज्युपिटर-८, ३०३ आणि ८०८ ही रोलँडचीच तीन यंत्रं घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली होती. तेव्हा ती कुणी घेतली नाही. २०१०मध्ये पुन्हा निघाल्यावर परदेशी समीक्षक चक्रावले.

काकेहाशींचं सगळ्यात मोठं काम मात्र मला मिडी वाटतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा. आधी एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचा नाही. त्यांनी अमेरिकेतल्या सिक्वेन्शियल कंपनीचे डेव्ह स्मिथ यांना सोबत घेतलं, यामाहा, कॉर्ग, कावाई या स्पर्धकांनाही बसवलं, आणि जानेवारी १९८३मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्यापारी प्रदर्शनात दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून वाजवून दाखवले. या पद्धतीसाठी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. म्हणून ती सगळीकडे पसरली. २०१३मध्ये काकेहाशी आणि स्मिथ दोघांना त्याबद्दल टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

ऑक्टोपॅड मिडीचंच पोर. १९८५च्या पहिल्या पॅड-८मध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड, आणि टिपरूच्या प्रत्येक टोल्याचा संदेश दुसऱ्या यंत्राकडे. आपल्याकडे घराघरात पोचलं ते १९९८चं एसपीडी-२०. यात सुमारे ७०० आवाज पोटातच, तबलाही त्यात. मी हौशी ऑर्केस्ट्रात हाच वाजवतो, त्यामुळे कारण सांगतो: एका स्टँडवर सगळी तालवाद्यं मावतात, टेम्पोत जागा वाचते, आणि माइक लावायची कटकट नाही, सरळ केबल मिक्सरला. बँजो पार्टी काय, जागरण-गोंधळ काय, सगळ्यांना हेच हवं होतं. आता तर कुठल्याही कंपनीच्या पॅडला आपण ऑक्टोपॅडच म्हणतो.

रेकॉर्डिंगमध्ये १९९६चं व्हीएस-८८० महत्त्वाचं, हार्डडिस्कवर आठ ट्रॅक, मिक्सर आणि इफेक्ट एकाच डब्यात. थोड्याच वर्षांत संगणकाने ती बाजारपेठ गिळली.

२०१३मध्ये काकेहाशींनी रोलँड सोडली आणि ऐंशी ओलांडल्यावर एटीव्ही नावाची नवी कंपनी काढली. पुढच्याच वर्षी रोलँडच्या व्यवस्थापनाने एका गुंतवणूक संस्थेच्या मदतीने शेअर विकत घेऊन कंपनी बाजारातून काढली, २०२०मध्ये परत नोंदवली. काकेहाशी २०१७मध्ये गेले. ८०८ पुन्हा करा म्हणून लोक वर्षानुवर्षं मागे लागले होते, पण रोलँडने बरीच वर्षं दिली ती त्याची डिजिटल नक्कलच; ८०८चे आवाज पुन्हा सर्किटमधून काढणारं टीआर-१००० आलं ते थेट २०२५मध्ये. त्याआधीच सर्किटवालं ८०८ नव्याने, स्वस्तात बाजारात आणलं ते बेहरिंगर या दुसऱ्या कंपनीने, आणि माझ्या ओळखीतल्या पोरांकडे तेच दिसतं.