तुर्की इर्मिक हेलवासी (रव्याचा हलवा) आणि आपला शिरा यांत फरक काय? आणि हा हेलवा तिथे मयताच्या घरी का करतात?

सामान तेच, फरक भाजण्यात. 2 वाट्या जाडसर रवा, 125 ग्रॅम लोणी आणि 3 मोठे चमचे चिलगोजे (पाइन नट्स) सुरुवातीपासून एकत्रच मंद आचेवर घ्या. 25 ते 30 मिनिटं हात थांबवायचा नाही. चिलगोजे बदामी झाले की रवाही झाला, हीच खूण. घाईने आच वाढवली तर रवा वरून करपतो, आत कच्चा राहतो.

दुसऱ्या भांड्यात 3 वाट्या दूध (किंवा अर्धं दूध, अर्धं पाणी) आणि दीड वाटी साखर गरम करा. साखर फक्त विरघळवायची, तारेचा पाक नको. हे कढत असतानाच रव्यात ओता. गार ओतलंत तर गुठळ्या होतात. जोरात उसळतं, हात जपा! आटलं की आच बंद, भांड्यावर कापड, त्यावर झाकण आणि 15-20 मिनिटं मुरू द्या. कापड वाफ शोषतं, म्हणून दाणा मोकळा राहतो. शिऱ्यासारखा मऊ गोळा इथे फसलेला समजतात.

तुर्कस्तानात मृत्यूनंतर, तसंच 40व्या आणि 52व्या दिवशी हा करून शेजाऱ्यांत वाटतात. भाजण्याचा वास मृताच्या आत्म्याला पोचतो अशी समजूत आहे, आणि घरचे आळीपाळीने ढवळत प्रार्थना म्हणतात. पण तो फक्त दुखवट्याचा पदार्थ नव्हे. माशांच्या जेवणानंतर आइस्क्रीमसोबत गरम हेलवा तिथे आवडीने खातात.