स्टॉक कार रेसिंगमध्ये कप सीरिजपर्यंत न पोचता करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की भाचा न्यू जर्सीत गॅरेजमध्ये काम करतो, रेसिंगचं वेड आहे, पण 'फक्त रीजनल' राहिला, म्हणजे नॅस्कर ह्या अमेरिकेतल्या स्टॉक कार संस्थेच्या सगळ्यात वरच्या कप सीरिजपर्यंत पोचलाच नाही, तर उपयोग काय. ते 'फक्त' मला जरा लागलं, म्हणून लिहितोय.

मी कनेक्टिकटला असतो. उन्हाळ्यात शुक्रवारी ऑफिस सुटलं की बऱ्याचदा स्टॅफर्डच्या ट्रॅकवर जातो, अर्ध्या मैलाचा ओव्हल आहे, आणि तिथल्या जुन्या लोकांशी बोलायला लागलो तेव्हा पहिलं नाव कानावर आलं ते रिची इव्हान्सचं. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावचा. 16 व्या वर्षी शेती सोडून गॅरेजमध्ये लागला, तुमच्या भाच्यासारखाच, 1962 मध्ये युटिका-रोम ट्रॅकवर साध्या गाडीने सुरुवात केली आणि 1965 ला मॉडिफाइडमध्ये आला. मॉडिफाइड म्हणजे नॅस्करच्याच गाड्या पण चाकं बॉडीच्या बाहेर, टायर रुंद, गाडी एकदम बसकी. सतत डावीकडे वळायचं असतं म्हणून उजवीकडचा टायर घेराने थोडा मोठा लावतात, आता 'थोडा' म्हणजे किती हे प्रत्येक ट्रॅकला बदलतं आणि अर्धी रेस तिथेच जिंकली जाते किंवा जाते हातची.

ह्या माणसाने नॅशनल मॉडिफाइड चॅम्पियनशिप 9 वेळा जिंकली, 1973 ला एकदा आणि मग 1978 ते 1985 सलग 8 वर्षं. 1971, 72 आणि 74 ते 77 कोणाची? जेरी कुकची, तोही रोमचाच! म्हणजे 15 वर्षं टायटल एका छोट्या गावाबाहेर गेलंच नाही. तेव्हा वेगवेगळ्या ट्रॅकवरचे पॉइंट एकत्र धरायचे, त्यामुळे गाडी ट्रेलरवर घालायची, रात्रभर प्रवास, रेस, परत गॅरेजमध्ये दुरुस्ती आणि पुन्हा निघायचं, आठवड्यामागून आठवडे हेच. 1979 ला तो 60 रेस धावला, त्यातल्या 37 जिंकला. कप सीरिजच्या मागे तो लागलाच नाही, आणि तरी 2012 ला नॅस्करच्या हॉल ऑफ फेममध्ये केल यारबरो आणि डॅरेल वॉलट्रिप ह्या कप सीरिजच्या चॅम्पियन ड्रायव्हरांसोबत एकाच बॅचमध्ये गेला.

पण भाच्याला दुसरी बाजूही सांगा. 1985 चं टायटल नक्की झालं होतं आणि 24 ऑक्टोबरला मार्टिन्सव्हिलला प्रॅक्टिसमध्ये गाडी भिंतीवर आदळून रिची गेला, वय 44. नंतरच्या दोन वर्षांत अजून ड्रायव्हर गेले, तेव्हा ह्या गाड्यांची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, फार ताठ आहे, धक्का सगळा माणसाला बसतो ह्यावर बोलणं सुरू झालं. त्याचा नारिंगी गाडीवरचा 61 नंबर नॅस्करच्या मॉडिफाइड टूरमध्ये, म्हणजे ह्या गाड्यांच्या मुख्य मालिकेत, आता कोणालाच देत नाहीत.

भाच्याला लगेच गाडी घ्यायला लावू नका. आधी एखाद्या टीमकडे टायरचं काम मागू दे, बऱ्याच टीम घरची माणसं आणि मित्रांवरच चालतात, गॅरेजमधला हात असलेला पोरगा त्यांना हवाच असतो.